सोलापुरातल्या जुन्या सरकारी वास्तू महापालिकेला द्याव्यात का? आणि दिल्या तर पुढं काय?

कडकभाकरी (धागाकर्ता)

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, लांबलंय, सांभाळून घ्या. आपल्या गावात राज्य सरकारच्या मालकीची जुनी आवारं बरीच आहेत. इंग्रजांच्या काळातले साहेबांचे बंगले, दगडी कचेऱ्या, गोदामं, शिवाय गिरण्या बंद पडल्यावर सरकारकडं राहिलेल्या जागा. खातं नव्या इमारतीत गेलं की जुनीला कुलूप लागतं, मग आवारात जप्त केलेले वाळूचे ट्रक आणून लावतात, टायर जमिनीत बसतात, हौद्यात एरंड उगवतो, भिंतीत पिंपळ शिरतो आणि काही वर्षांनी कागद येतो की इमारत धोकादायक आहे, पाडा. पाडल्यावर तिथं काय होतं ते सांगायला नको.

माझं म्हणणं असं की ज्या जुन्या वास्तू सरकारी खात्यांना आता लागत नाहीत त्या महापालिकेच्या नावावर करून द्याव्यात, फुकट द्याव्यात, पण लोकांच्या वापरासाठीच. वाचनालय, अभ्यासिका, संग्रहालय, गाण्याच्या बैठकीला छोटा हॉल, म्हाताऱ्या माणसांना बसायला बाग, काहीही. एमपीएससीची पोरं पत्र्याच्या खोलीत महिन्याचे पैसे भरून खुर्ची धरतात आणि इकडं दोन-दोन फूट जाडीच्या भिंतींच्या थंडगार खोल्या आपण वटवाघळांना दिल्यात. सोलापूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना जाड भिंतीची किंमत कळते.

बाहेर हे झालेलं आहे. न्यूयॉर्कला गव्हर्नर्स आयलंड म्हणून बेट आहे, आधी लष्कराकडं आणि मग कोस्टगार्डकडं होतं. कोस्टगार्ड १९९६ ला निघून गेलं, जागा पडून राहिली, शेवटी केंद्र सरकारनं २००३ साली १ डॉलरला देऊन टाकली. म्हणजे १७२ एकरांपैकी जुन्या किल्ल्यांचा २२ एकराचा तुकडा नॅशनल पार्क सर्व्हिसकडं ठेवला आणि उरलेले १५० एकर स्थानिक सरकारच्या संस्थेला. खरेदीखतातच लिहून घेतलं की इथं कायमची राहती घरं बांधायची नाहीत, कॅसिनो काढायचा नाही, बाग आणि शिक्षण यांना जागा ठेवावीच लागेल. आज लोक बोटीनं जातात, सायकली चालवतात, गवतात लोळतात. आपल्याकडं असं का होऊ नये, एवढाच प्रश्न.

शेंगाचटणी

अहो नळाला पाणी चार-पाच दिवसाआड येतंय आणि तुम्ही त्यांच्याकडंच बंगले सांभाळायला देताय! धन्य आहात ओ.

चारपुतळे

@शेंगाचटणी, पाणी प्रत्येक धाग्यात आणायलाच पाहिजे का बे.

धागाकर्त्याशी सहमत. मला तर हा गावाचा हक्कच वाटतो. १८५२ ची नगरपालिका आहे आपली. ६ एप्रिल १९३० ला तिच्यावर तिरंगा चढवला, पुढं मे मध्ये गावानं इंग्रजांचा अंमल झुगारून दिला म्हणून मार्शल लॉ लागला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चौकातले चार पुतळे सगळ्या पोरांना माहीत आहेत, रिक्षावाल्याला पण तसंच सांगतो आपण, "चार पुतळ्याला सोड". पण मार्शल लॉ म्हणजे नक्की काय काय झालं, कुठं झालं, हे सविस्तर दाखवायला त्याच काळातली एक दगडी इमारत मिळाली तर बास आहे की. नवीन काच लावलेली बिल्डिंग नको, त्या वेळचीच पाहिजे.

गड्डा_यात्री

मग भुईकोट किल्लाच मागून घ्या की! सिद्धेश्वर तलाव शेजारी, देऊळ समोर, कसली जागा आहे ती. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरच्या जत्रेला, लाखानं माणूस येतंय, किल्ल्यात किती जातंय? तिकीट काढून आत जायचं म्हटलं की निम्मे बाहेरूनच फोटो काढून पाळण्याकडं वळतात.

चुनागच्ची

किल्ल्याचं घोडं इथं मध्ये आणू नका, तो राज्य सरकारच्या हातातच नाही. भुईकोट किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडं आहे, म्हणजे केंद्राचं संरक्षित स्मारक, १९५८ चा कायदा लागतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, तिथं घराचा मजला चढवायचा तरी दिल्लीच्या प्राधिकरणाची परवानगी. मुंबईतल्या मंत्र्यानं उद्या मनात आणलं तरी किल्ला महापालिकेला देता येत नाही.

दुसरा प्रकार राज्य संरक्षित स्मारकं, त्यांना राज्याचा १९६० चा कायदा. आपल्याला जवळचं उदाहरण नळदुर्ग. रविवारी नर-मादी धबधबा बघायला निम्मं सोलापूर जातं तो किल्ला. तिथं मालकी कुणाला दिलेली नाही, 'महाराष्ट्र वैभव' म्हणून २००७ ची योजना आहे तिच्यात ठरावीक वर्षांसाठी संगोपनाला दिला. झाडी निघाली, बाग झाली, तिकीट लागलं. कुणाला आवडलं कुणाला नाही, पण किल्ला सरकारचाच राहिला.

आणि तिसरा प्रकार, ज्याबद्दल हा धागा आहे, तो सगळ्यात बेवारस. जुनं आहे, सुंदर आहे, पण कुठल्याच संरक्षित यादीत नाही. त्यांच्यावर ना दिल्लीचा बोर्ड ना मुंबईचा. त्या फक्त कुठल्या तरी खात्याच्या स्थावर नोंदवहीतली एक ओळ असतात आणि त्यांच्या बाबतीत सगळ्यात घाण शब्द म्हणजे निर्लेखन, म्हणजे निकामी ठरवून नोंदवहीतून काढून टाकणं. एकदा इमारत निर्लेखित केली की सागवानी तुळया, दारं, शहाबादी फरशी, सगळं लिलावात जातं. मी व्यवसायानं जुन्या बांधकामाची दुरुस्ती करते म्हणून सांगते, पुष्कळ वेळा इमारत धोकादायक वगैरे काही नसते, कौलं फुटून पाणी वाशाच्या टोकाला मुरलेलं असतं तेवढंच. वाशाची टोकं बदलली, पन्हाळ नीट केलं, की पुढची पन्नास वर्षं बघायला नको.

निवृत्त_लिपिक

महसुलात आयुष्य गेलं म्हणून थोडं लिहितो. "महापालिकेला देऊन टाका" हे बोलायला सोपं आहे पण जागा देतात कशी ते समजून घ्या, नाहीतर निवेदन द्याल, फोटो छापून येईल आणि कागद तिथंच राहील.

शासकीय जमीन द्यायची ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४० आणि १९७१ च्या विल्हेवाट नियमांखाली. महापालिकेनं मागणी करायची, सोबत ठराव. तो प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडं, तिथून तहसीलदार, भूमी अभिलेख, नगररचना यांचे अभिप्राय, मग पुण्याला विभागीय आयुक्त, मग मंत्रालयात महसूल व वन विभाग. प्रत्येक टेबलावर एक त्रुटी निघते. नकाशावर सही नाही. ठरावात सर्वे नंबर चुकला. चतुःसीमा जुळत नाहीत. ज्या खात्याच्या ताब्यात इमारत आहे त्यांची ना हरकत लागते आणि खरी गाठ तिथंच बसते, कारण वीस वर्षं कुलूप असलेल्या इमारतीबद्दल ना हरकत मागितली की त्याच दिवशी त्या खात्याला आठवतं की आपल्याला तिथं प्रशिक्षण केंद्र काढायचंय.

आणि मंजूर झाली तरी जागा 'भोगवटादार वर्ग २' म्हणून मिळते. म्हणजे ज्या कामाला दिली त्याच कामाला वापरायची, परवानगीशिवाय विकायची नाही, गहाण टाकायची नाही, पोटभाड्यानं द्यायची नाही. मोडलं की शर्तभंग, आणि जागा सरकारजमा. म्हणजे तुम्ही न्यूयॉर्कचं सांगितलं ती अट आपल्या कायद्यात आधीच आहे. फक्त शर्तभंग झाला का नाही हे बघायला कोण जातो, ते विचारू नका.

आणखी एक. ताबा आणि मालकी यात गल्लत करू नका. पुष्कळ ठिकाणी 'आगाऊ ताबा' देऊन फोटो काढतात, मिळकत पत्रिकेवर धारक म्हणून सरकारचंच नाव राहतं. मग दुरुस्तीला पैसे मागायची वेळ आली की पालिका म्हणते इमारत आमच्या नावावर नाही आणि खातं म्हणतं ताबा आमच्याकडं नाही.

गड्डा_यात्री

लई डोकं आहे ओ तुम्हाला. आता कळलं फायली का हलत नाहीत.

पुण्यात_अडकलेला

मूळचा बाळीवेशीतला, पोटासाठी पुण्यात. इथं रोज डोळ्यासमोर आहे म्हणून सांगतो. शनिवारवाडा पुरातत्त्वकडं, विश्रामबागवाडा महापालिकेकडं, दोन्ही पेशवाईतलेच आणि चालत दहा-पंधरा मिनिटांवर. शनिवारवाड्यात तुम्ही पर्यटक असता. विश्रामबागवाड्यात लोक कामाला जायचे, पोस्टात जायचे, प्रदर्शन बघायला जायचे. वापर झाला म्हणून झीजही झाली हे खरं, पण वाडा गावात मिसळलेला राहिला.

मुंबईचं भाऊ दाजी लाड संग्रहालय पण बघा, भायखळ्याचं, १८७२ चं. मालकी मुंबई महापालिकेचीच. पण सगळं एकटीनं ओढायला गेली नाही, २००३ ला महापालिका, एक खाजगी फाउंडेशन आणि इंटॅक ही वारसा जपणारी संस्था यांच्यात करार झाला, दुरुस्ती झाली आणि २००८ ला पुन्हा उघडलं. मला वाटतं आपल्याला नावावर करून घेण्याइतकंच हे पण महत्त्वाचं आहे, चालवणार कोण ते.

शेंगाचटणी

तेच तर म्हणतोय मी पहिल्यापासून! चालवणार कोण? पाण्यावर बोललो की हसता, पण मुद्दा कळून घ्या. महापालिका अधिनियम १९४९ च्या कलम ७९ खाली पालिकेला आपली स्थावर मिळकत भाडेपट्ट्यानं देता येते. एकदा नावावर झाली की पहिली पाच वर्षं बोर्ड लागणार, दुसरी पाच वर्षं निधी नाही, आणि मग टेंडर. 'विकसित करा, चालवा, वापरा'. दगडी बंगल्याच्या आवारात लॉन, लॉनवर लग्न, लग्नात डीजे, आणि बंगल्याच्या व्हरांड्यात केटररची भांडी. तुमची एमपीएससीची पोरं तिथं बुफे वाढायला असतील, अभ्यासाला नाही.

कडकभाकरी

शर्त असली तर कसं देतील लॉनला? लिपिककाकांनी आत्ताच सांगितलं ना, पोटभाड्यानं देता येत नाही म्हणून.

शेंगाचटणी

काकांनी हे पण सांगितलंय की बघायला कुणी जात नाही.

चारपुतळे

म्हणून काय, आहे तसं पडू द्यायचं? पडलं की मग तर सरळ प्लॉटच होतो, लॉन पण परवडलं.

शेंगाचटणी

मी पडू द्या म्हटलेलंच नाही. राज्यानं स्वतः दुरुस्त करावं, स्वतः चालवावं, त्यांची मिळकत आहे. पैसे त्यांच्याकडं, इंजिनियर त्यांच्याकडं, आणि जबाबदारी तेवढी आमच्या गळ्यात? जीएसटी आल्यापासून जकात-एलबीटी (स्थानिक संस्था कर) यांचं स्वतःचं असं उत्पन्न उरलं नाही, महापालिका सरकारच्या अनुदानावर पगार भागवते. म्हैस दावणीला बांधून द्यायची आणि वैरणीचं नाव काढायचं नाही.

चुनागच्ची

शेंगाचटणी यांचा हा शेवटचा मुद्दा मला पूर्ण पटतो. पण महापालिकेला जमतच नाही हे मान्य नाही. इंद्रभुवन बघा. आप्पासाहेब वारदांनी बांधलेली हवेली, पालिकेनं घेतली, मग वर्षानुवर्षं ऑफिस म्हणून वापरली. सरकारी ऑफिस म्हटल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, जागा पुरत नाही म्हणून पार्टिशन, फायलींची कपाटं, ट्यूबलाइट. पण तीच इमारत अलीकडं व्यवस्थित जतन करून पुन्हा उभी केली. रात्री दिवे लागल्यावर लोक गाडी थांबवून बघतात. डॉ. कोटणीसांच्या घराचं स्मारक पण महापालिकेचंच, चीनमधून माणसं येतात तिथं. म्हणजे मनावर घेतलं तर येतं.

फक्त एक विनंती, हस्तांतर झालं की पहिल्याच महिन्यात 'रंगरंगोटी' करू नका. जुन्या काळ्या दगडाच्या भिंतीत चुना आहे, ती भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला, वर ऑइलपेंट चढवला, की ओल आत कोंडते, दोन पावसाळ्यांत पोपडे येतात आणि आतला चुना भुसा होतो. मग परत तेच पत्र, इमारत धोकादायक. चुना मळणारे कारागीर अजून मिळतात. चुन्याच्या घाणीत, म्हणजे दळायच्या चक्कीत, चुना-वाळू दळून, भिजवून ठेवून, मग लावायचा, वेळ लागतो. निविदेत मात्र 'सिमेंट प्लास्टर १:४' असंच छापलेलं असतं, कारण दरसूचीत तेच सहज सापडतं. करारात हे लिहून घ्या, काम चुन्यात होईल.

गिरणीची_लेक

सगळे बंगल्यांवरच बोलताय, गिरण्यांचं बोला की. हे गाव वाढलं ते बंगल्यांनी नाही, भोंग्यांनी. जुनी मिल १८७७ ची. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. तीन पाळ्या, भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरायचा. माझे वडील साचा (माग) खात्यात होते, कानानं कमी ऐकायचे, घरी पण ओरडूनच बोलायचे, आम्हाला वाटायचं चिडलेत.

नरसिंग गिरजी तर राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडं होती, म्हणजे सरळ सरकारी. तिथं काय होऊ शकतं? वस्त्रोद्योगाचं संग्रहालय. सोलापुरी चादर आणि टॉवेल दोघांना जीआय मानांकन आहे, पण पाहुणा आला तर त्याला चादर दुकानात दाखवायची, मागावर दाखवायला कुठं न्यायचं? पूर्व भागात कुणाच्या तरी कारखान्यात, ओळख काढून. जकार्ड मागाच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी कशी उतरते ते लेकरांना एकदा दाखवा, अर्धा तास हलणार नाहीत.

मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेनं असंच संग्रहालय हातात घेतलं, जागा राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. म्हणजे सरकारी महामंडळाची गिरणी महापालिकेला मिळू शकते हे सिद्ध आहे. उलट बाजू बघायची तर कोल्हापूरची शाहू मिल बघा, शाहू महाराजांनी १९०६ ला काढलेली, तीही आपल्याच महामंडळाची. स्मारक करणार म्हणून किती वर्षं ऐकतोय, आराखडे झाले, घोषणा झाल्या.

आणि मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं ते पण विसरू नका. १९९१ च्या नियमात होतं की गिरणी पाडली तर साधारण एक तृतीयांश जागा महापालिकेला मोकळी, एक तृतीयांश म्हाडाला. २००१ ला एक दुरुस्ती केली, वाटणी सगळ्या जमिनीची नाही तर फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची. सुप्रीम कोर्टात गेलं, २००६ ला दुरुस्ती कायम राहिली. बागेसाठी जागा मिळायची ती चिंचोळ्या पट्ट्यांत मिळाली आणि टॉवर मात्र उभे राहिले. मोठी जागा देताना एका ओळीत सगळं फिरतं, म्हणून ओळ न ओळ वाचायला माणूस पाहिजे आपल्याकडं.

गड्डा_यात्री

ताई, गिरणीची चिमणी तेवढी ठेवायला सांगा. आपल्या गावाला चिमण्या पाडायची सवय लागलीय. 😄

चारपुतळे

😂😂 विषय कुठं नेतोस रे. तो साखर कारखान्याची चिमणी पाडल्याचा वाद इथं उकरू नको, धागा बंद करावा लागेल.

सेटलमेंटकर

वाचत होतो, बोलावं का नको म्हणत होतो. ऐतिहासिक म्हटलं की तुम्हाला कमानी आणि कौलं दिसतात. आमच्या भागाचं नाव कुणी काढलं नाही. सेटलमेंट ही पण सरकारी जागा आणि ऐतिहासिक जागा आहे. १८७१ ला उत्तरेत सुरू झालेला गुन्हेगार जमाती कायदा १९११ ला देशभर झाला, त्यानं आमच्या जातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट असे सगळे इथं तारेच्या आत आणून ठेवले. दिवसा गिरणीत राबायचं, रात्री हजेरी द्यायची. वर ताईंनी भोंग्यावर रस्ता भरायचा म्हणून लिहिलं, त्या गर्दीत आमची माणसं पण होती, फक्त ती परत तारेत जायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर मुक्त झालो. त्यावरूनच वस्त्यांना सेटलमेंट फ्री कॉलनी नाव पडलं, आजही पत्त्यात तेच लिहितो.

माझ्या आजीला विचारलं की जुनं काय राहिलंय बघण्यासारखं, तर ती म्हणायची राहिलं नाही तेच बरं. पण मला तसं वाटत नाही. एक खोली, एक तारेचा तुकडा, हजेरीचं रजिस्टर, एवढं जपलं पाहिजे. आणि दुसरं, तुमच्या यादीत 'सरकारी ऐतिहासिक जागा' म्हणून आमची वस्ती घालाल तर आधी राहणाऱ्यांना विचारा. इथं लोकांना पिढ्यान्‌पिढ्या घर आहे पण उतारा नाही असं चाललंय. हेरिटेज म्हणून बोर्ड लागला आणि घर नावावर व्हायचं राहिलं, असं व्हायला नको. जागा महापालिकेला द्या म्हणताना माणसांना पण द्यायची असते जागा.

गिरणीची_लेक

दादा, बरं झालं लिहिलंत. वडिलांच्या खात्यात सेटलमेंटमधले होते दोघंतिघं, डब्यातलं एकमेकांचं खायचे. तारेचं आम्हाला घरी कुणी कधी सांगितलं नाही.

पुण्यात_अडकलेला

+१. यादी करताना हे डोक्यात ठेवायला पाहिजे. लोक राहतात ती जागा आणि ट्रक उभे आहेत ती जागा, दोन्हीला एकच नियम नाही लावता येणार.

कडकभाकरी

@सेटलमेंटकर, मान्य. राहत्या वस्त्या यादीतून बाहेरच ठेवू, स्मारकाचा विषय तिथल्या लोकांनी स्वतः काढला तर आम्ही मागं उभं राहू.

मधल्या वेळात थोडं वाचलं. इटलीत २०१० साली कायदा झाला, देशाच्या मालकीच्या जुन्या इमारती महापालिका आणि प्रांतांना फुकट द्यायचा. ऐतिहासिक वास्तूंसाठी त्यात वेगळी पायरी ठेवली, गावानं आधी कार्यक्रम लिहून द्यायचा की इथं काय करणार, पैसा कुठला, दुरुस्ती कशी, आणि तो सांस्कृतिक खात्याबरोबर करारात बसला की मगच मालकी बदलते. कबूल केलं ते केलं नाही तर वास्तू परत. सान जिमिन्यानो म्हणून उंच दगडी मनोऱ्यांचं छोटं गाव आहे, तिथला जुना मठ, ज्याचा मध्ये तुरुंग केला होता, तो असाच गावाला आणि प्रांताला मिळून मिळाला. मला ह्यातलं 'आधी लिहून द्या' हे लई आवडलं. आपल्याकडं उलटं असतं, आधी जागा मिळवायची, मग सल्लागार नेमायचा की आता इथं काय करता येईल.

शेंगाचटणींच्या शंकेला पण हेच उत्तर आहे असं मला वाटतं. मागणीच्या ठरावातच लिहायचं, अमुक इमारत, तमुक वापर, आवारात लग्नकार्य नाही, सोमवार सोडून रोज उघडी, आणि पहिल्या दुरुस्तीचा पैसा राज्यानं हस्तांतराबरोबर द्यायचा.

शेंगाचटणी

पैसा आधी, सही नंतर, असं लिहा. मग मी पण सही करतो तुमच्या निवेदनावर. आणि सोमवारी का बंद? सोमवारीच तर सिद्धेश्वरला खेड्यातली माणसं येतात.

कडकभाकरी

बरं, मंगळवारी बंद.

गड्डा_यात्री

मंगळवारी रूपाभवानीला येतात की ओ 😄

चारपुतळे

रोज उघडी ठेवा आणि विषय संपवा.

निवृत्त_लिपिक

तुम्ही वाराच्या वादात पडलात म्हणून मूळ कामावर आणतो. मुंबईत रेसकोर्सच्या २११ एकरातले १२० एकर २०२४ ला महापालिकेकडं बागेसाठी आले. तिथं जागा कुठली, किती, कुणाच्या नावावर, भाडेपट्टा कधी संपला, हे सगळं आधीपासून कागदावर होतं म्हणून बोलणी तरी करता आली. आपल्याकडं "तो लिंबाच्या झाडाचा जुना बंगला" एवढीच ओळख असते, त्यावर प्रस्ताव होत नाही.

तर आधी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. महाभूमी या सरकारी जमीन नोंदींच्या साइटवर डिजिटल सहीची मिळते, किरकोळ फी आहे. सिटी सर्वे नंबर माहीत पाहिजे. पत्रिका आली की तीन गोष्टी बघा, क्षेत्रफळ, सत्ताप्रकाराचा रकाना आणि धारकाचं नाव. धारक 'महाराष्ट्र शासन' असेल आणि पुढं कंसात खात्याचं नाव असेल तर ना हरकत कुणाची लागेल ते तिथंच कळतं. खाली फेरफाराच्या नोंदी वाचा, तारखेसकट. मध्येच कुठं भाडेपट्टा, कुठल्या संस्थेला दिलेला तुकडा, कोर्टाचा मनाई हुकूम असलं काही निघालं तर ती इमारत यादीत शेवटी टाका, पहिल्यांदा सोपी घ्या. नोंद नीट वाचता येत नसेल तर इथं टाका, मी सांगतो, पण दुसऱ्या कुणाच्या खाजगी मिळकतीची टाकू नका.

आणि दुसरा अर्ज महापालिकेत, माहितीच्या अधिकारात, की शहराच्या वारसा यादीत कुठल्या वास्तू आहेत आणि कुठल्या श्रेणीत. यूडीसीपीआर २०२०, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, तिच्यात वारसा वास्तूंची तरतूद आहे. यादीत नाव असलं तर पाडायच्या परवानगीसाठी समितीचा सल्ला घ्यावा लागतो, नुसत्या एका पत्रावर निर्लेखन होत नाही. हस्तांतराला पाच वर्षं लागली तरी तोपर्यंत इमारत उभी तरी राहील.

चुनागच्ची

वारसा यादीचं अगदी बरोबर, ते काम आधी. मी सात रस्ता आणि रेल्वे लाइन्सच्या बाजूला फिरून बाहेरून फोटो घेऊ शकते, छप्पर, पन्हाळ, भिंतीतली झाडं असं टिपण करून. आत जायला परवानगी लागेल, ती कुणीतरी मागा.

गिरणीची_लेक

गिरणीचं मी बघते. वडिलांचे दोन मित्र आहेत अजून, कुठल्या शेडमध्ये कुठलं खातं होतं ते त्यांना तोंडपाठ आहे. चहा पाजला की नकाशा काढून देतील.

शेंगाचटणी

माहिती अधिकाराचा अर्ज मी टाकतो, मला सवय आहे. पाण्याबद्दल दर दोन महिन्याला टाकतोच. १० रुपयाचं कोर्ट फी तिकीट लावून परवाच पाठवतो.

कडकभाकरी

भारी. बंगल्यांचे सिटी सर्वे नंबर कुणाकडं आहेत का? नसतील तर जुना भूमापन नकाशा कुठं मिळतो ते काका सांगतील का?

निवृत्त_लिपिक

नगर भूमापन कार्यालयात नकलेचा अर्ज करा. सकाळीच जा, जेवणाच्या सुट्टीनंतर नकला देणारा सापडत नाही.